ठकीचं पोट आणि कोचचं तोंड

नाही, पण मला सांगा, व्यायामशाळा म्हणजे काय आजाऱ्याची खोली आहे? गाणी बंद! दार हळू लावा! डंबेल खाली ठेवायचं तेही तान्ह्या बाळाला निजवल्यासारखं, दोन्ही हातांनी, आणि चुकून कुठं 'ठण्ण' झालं की कोच दबक्या आवाजात ओरडतो... तुम्ही ऐकलंय कधी कुणाला दबक्या आवाजात ओरडताना? "शूऽऽ! आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा!" कुणाचा? तर गिनीपिगचा! आरशाखाली पिंजरा, पिंजऱ्यावर टॉवेल, आत गरम पाण्याची पिशवी, आणि आम्ही सगळे चोरपावलांनी धावतोय. चोरपावलांनी धावून वजन कमी होतं का हो?

आणि हा कोच कोण, तर ज्याला पोट नावाची गोष्ट डोळ्यांपुढे सहन होत नाही! तुम्हाला सांगतो, कुरिअरवाला पाकीट घेऊन आला तरी हा सही करायच्या आधी त्याच्या पोटाकडे बघणार. मी दम लागून खाली बसलो की आलाच हा शिट्टी फुंकत, "उठा! बसलात की संपलात!" आता हाच माणूस त्या ओंजळभर जनावराला म्हणतो, "पडून राहा गं, काही घाई नाही." सांगा, आम्ही काय पाप केलं होतं?

झालं असं, की याची मेहुणी निघाली परगावी आणि जाताना आपली ठकी यांच्या घरी ठेवून गेली. ठकी म्हणजे हीच ती. मेहुणीनं नुकतीच दुकानातून आणलेली, अंगानं चांगली गुबगुबीत. वहिनी, म्हणजे कोचची बायको, तिला भरपूर गवत घालायची, ढोबळी मिरची चिरून द्यायची. आणि हा बघतोय ते पोट! याच्या घरात! "ही अशीच खात राहिली तर फुटेल एक दिवस," म्हणाला, आणि वहिनी कामाला बाहेर पडली की याचा कार्यक्रम सुरू. गवत काढून घ्यायचं, मिरचीचा एवढासा तुकडा ठेवायचा, आणि मग पॅसेजमध्ये सोडून मागून टॉवेल आपटत, "चल चल चल! अजून एक फेरी!" हे सगळं त्यानंच सांगितलं मला, मान खाली घालून, कारण तिला भरवताना टॉवेल धरायला कोण? मी!

तर एका सकाळी ठकी कोपऱ्यात अंग आक्रसून बसलेली. खाली रक्त. आणि त्या रक्तात दोन इवलीशी, धड न झालेली पिल्लं...

गाभण होती हो ती. दुकानातूनच गाभण आली होती, मेहुणीलाही पत्ता नव्हता. पण मेहुणीनं तिला पळवलं नव्हतं ना!

हा तसाच, गळ्यात शिट्टी, छातीशी ठकी, जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई एकदम शांत. "खायला काय देता?" "थोडंसं." "थोडंसं का?" "कमी केलं होतं..." "आणि व्यायाम?" आता आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला त्या शब्दाची लाज वाटली! "जरा पळवायचो." बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "गाभण जनावराला उपाशी ठेवून पळवलंत?" तर हा म्हणतो, "मला वाटलं पोट सुटलंय." बाकावर कुत्री-मांजरं घेऊन बसलेली माणसं, सगळी याच्याकडे बघायला लागली, कुत्रीसुद्धा! सांगा, तोंड कुठं लपवायचं माणसानं?

बाई म्हणाल्या, रक्त थांबतंय का बघा, ऊब द्या, गोंगाट नको, आणि पोट अजिबात रिकामं राहू द्यायचं नाही, ही जनावरं उपाशी राहिली की मरतात, खात नसली तर गवताची भुकटी कालवून सिरिंजनं भरवा. घरी दिवसा कुणी नाही, म्हणून पिंजरा आला व्यायामशाळेत. आणि काय भरवतो म्हणता! सगळी बॅच वाकलेली ठेवून हा सिरिंज घेऊन पळतो. आम्ही वाकलेलेच! "घे गं राणी, एवढा एक घास." एवढा राक्षसासारखा दंड, पण थेंब थेंब मोजून भरवतो. ती तोंड फिरवते, हिरवा लगदा माझ्या शर्टावर.

मधेच मेहुणीचा व्हिडिओ कॉल! "भाऊजी, दाखवा ना माझी ठकी! ...अय्या! किती बारीक झाली! कसं केलंत हो? तुमचा हात लागला की झालंच!" आता बोला! हा लालेलाल. "आवाज... आवाज तुटतोय," म्हणाला आणि फोन बंद केला. आवाज कुठला तुटतोय, सगळ्या हॉलला ऐकू येत होता! सांगा, तोंड कुठं लपवायचं? चारही भिंतींना आरसे, जिकडे वळावं तिकडे हाच!

काल मात्र ठकीनं आपणहून गवताची काडी ओढली. कुरुकुरु आवाज आला आणि हा मोठा बाप्या मांडी घालून जमिनीवर बसला, तिच्या पाठीवर बोट फिरवत बोलायला लागला. "तुझी काही चूक नाही गं. तुला विश्रांती हवी होती आणि मी तुला पळवत होतो. मला कळायला हवं होतं..." डोळ्याला पाणी.

आणि मागे दारात वहिनी उभी! हातात चिरलेल्या मिरचीचा डबा. ती आली होती वेगळंच सांगायला, "उद्या येतेय माझी बहीण. तिला तू सांगणार आहेस की मी सांगू?" हा दचकून उठला. "मीच सांगेन. सगळं खरं सांगेन." वहिनी म्हणाली, "तिला सांगशील. आणि मला?"

आता तुम्हाला सांगायला हवं... मागच्या वर्षी वहिनीला दिवस गेले होते. टिकलं नाही. आम्हाला तेव्हा एवढंच कळलं की कोचनं एकही बॅच बुडवली नाही, आणि आम्ही आपले म्हणत होतो, वा, काय खंबीर माणूस!

हा कसाबसा म्हणाला, "तुझीही काही चूक नव्हती."

"ते मला डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. पुढे बोल."

"पडून राहिलीस तर जास्त खचशील असं वाटलं मला... म्हणून लगेच चालायला नेलं तुला. तेही चुकलंच."

"नेलं नव्हतंस," वहिनी म्हणाली, एकदम साध्या आवाजात. "पाठवलं होतंस. तुझी सकाळची बॅच होती. मी एकटी गेले होते, आणि कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसून राहिले होते, घरी येऊन तुला सांगितलं, चालून आले."

ट्रेडमिलवर एक बाई होत्या, त्यांनी पट्टा बंद केला. कुणी कुणाकडे बघेना. माझ्या हातात टॉवेल तसाच. लाज त्याची, पण खाली बघत होतो आम्ही सगळे, कारण मघाशी सांगितलं ना, खंबीर आम्हीच म्हटलं होतं!

कोच म्हणाला, "मला ठाऊकच नव्हतं. अजून... अजून आहे का काही?"

वहिनीनं डबा ठेवला, चप्पल काढली, आणि पिंजऱ्याशेजारी ऐसपैस मांडी घातली. "आहे की. बस."

आम्ही गुपचूप बाहेर आलो, दार ओढून घेतलं, आणि पायरीवर बसलो, बूट-बिट घालून, अंगाला घामाचा थेंब नाही. त्या ट्रेडमिलवाल्या बाई मला विचारतात, "आत कधी जायचं हो?" म्हटलं, "आज राहू द्या, घरी जा. वर्षाचं साचलंय, आणि वहिनीनं आत्ता कुठं सुरुवात केलीय!"