गोळ्या बदलल्या कावून?

—तरीबी दवाखान्याचं कार्ड दाखवाच बाई. मोनाली... हं, फोटो तं तुमचाच दिसते. पण दोन महिने बेबीताई गोळ्या आणून राहिली, आज तुमी कावून? बदली झाली? होऊ द्या बदली, गोळ्या कावून बदलल्या? पयलं पाकीट असं नव्हतं—मी रोज आपल्या हातानं फोडतो. सुनेले सहावा महिना, छातीत टीबी, अन् तुमी दुसऱ्याच गोळ्या आणता? काय म्हणता—थुंकी साफ आली, म्हणून बदलल्या? साफ आली ते मले माहीत हाये, रिपोर्ट मीच आणला नांदगावहून. थांबा, फोन लावतो. हेलो, बेबीताई, मी खुशालराव बोलून राहिलो... हो, मोनालीच... दोन महिन्यांनी बदलतातच? बरं, बरं.

राग नका मानू. माही सून, प्रतीक्षा, शहाणी पोरगी हाये, पण तिनं गोळी गिळली की मी म्हणतो, तोंड उघड. हासते. म्हणते, "मामाजी, मी काय लहान हाओ?" लहान नाही—पण कोणी येऊन कानात फुकलं तं? लघवी लाल होते, लेकराले बाधन, असं? अन् शिवमनं, माह्या पोरानं, ऐकलं तं? माणूस ऐकते बाई! ते रक्त नसते, गोळीचा रंग असते—आता समजते मले. तवा कोणाले इचारलं होतं मी?

तवा म्हणजे... माही पयली बायको. जमुना. शिवमची माय मंग केली. जमुनेलेबी पाचवा महिना होता, हेच दुखणं. लाल पाहून घाबरलो मी. गोळ्या उकिरड्यात पुरल्या अन् तिले सांगतलं, दवाखान्यात आल्याच नाहीत. रोज इचारे, "आल्या का हो?" मी म्हणो, नाही आल्या. खोकता खोकता दवाखान्याले शिव्या दे—मले एक नाही. सातव्या महिन्यात गेली. पोटातल्यासकट.

हे कोणाले सांगतलं नव्हतं आजवर. तुमी कावून काढून घेतलं माह्याकडून? अन् वहीत काय लिहून राहिल्या? दाखवा इकडं. दाखवा म्हणतो ना!... प्रतीक्षा. वजन बावन्न. पुढची तारीख... इतकंच?

बरं. निघा तुमी. तिची गोळीची येळ झाली.