पुसून पुसून पडलेली जाळी

...नाही, पण मी काय म्हणतो, पुसल्याने वस्तू स्वच्छ होते की खराब? लहानपणापासून आपण काय ऐकलं? पुसून घे, पुसून ठेव, आत येताना पाय पूस! कुणी एकाने तरी सांगितलं का, की बाबा रे जपून, पुसण्यानेच ओरखडे पडतात? मला नाही सांगितलं! मी आपला तीन वर्षं, दर रविवारी, सासरेबुवांची गाडी पुसतोय...

काळी गाडी, तुम्हाला सांगतो, काळीकुळकुळीत, आणि त्यांचा सगळा जीव त्या गाडीत. मोतीबिंदू वाढला म्हणून चालवणं सोडलं होतं, पण रविवारी सकाळी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि मी पुसायचो. झालं की मान वाकडी करून बघायचे, "वा जावईबापू! आरसा केलात, आरसा!" मग लेकीला फोन, "माणूस हिरा आहे हो तुझा." आता सासऱ्याने हिरा म्हटल्यावर जावई थांबतो का? पुढच्या रविवारी मी आणखी जोरात पुसायचो!

मग ऑपरेशन ठरलं. आधी एक डोळा, पंधरा दिवसांनी दुसरा, आणि तोवर मुक्काम आमच्याकडे. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली आणि तुम्हाला सांगतो, घरात कॅमेरा बसला! "तुमचा पंखा करडा आहे होय? मला वाटायचं पांढरा." पांढराच आहे बाबा, धूळ आहे. "आणि जावईबापू, तुमचे कान एवढे मोठे कधी झाले?" बायको त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायची ते सारखं "वर बघा बाबा, वर, वरच बघा" म्हणत, कारण खाली बघितलं की तिचे पांढरे केस!

एक दिवस चहा पिता पिता म्हणतात कसे, "आता घरी गेलो की पहिल्यांदा गाडी बघणार. उन्हात काढायची. डोळे भरून बघणार."

म्हटलं, बघा की! आरसाच आहे! पण तरी आपलं... एकदा जाऊन आलेलं बरं. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. गेलो, गाडी शेडमधून उन्हात काढली आणि बॉनेटकडे बघितलं... अहो, जाळं! कोळ्याने विणावं तसं! सूर्याचं प्रतिबिंब मधोमध आणि त्याच्याभोवती गोल गोल गोल, बारीक चंदेरी केसांसारखे ओरखडे! दारावर तेच. डिकीवर तेच. तीन वर्षं मी ही गाडी बघत होतो की नुसती पुसत होतो? आणि रस्त्यावर तर ही येत नाही, कुणी हात लावत नाही... मग हे आलं कुठून?

गल्लीच्या तोंडाशी गाड्या रंगवणारी एक बाई आहे. पेंटरबाईच म्हणतात तिला सगळे. चष्मा कपाळावर, शब्द मोजून. तिला बोलावलं. आली, बॉनेटवर बॅटरी मारली.

"कशाने पुसता?"

"फडक्याने."

"कसलं?"

"माझा जुना बनियन."

"खाली पडला तर?"

"झटकतो की!"

तिने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. गाडीकडे नाही, माझ्याकडे बघायला. "भाऊ, ते फडकं नव्हतं. तो सँडपेपर होता."

म्हणजे धूळ फडक्यात अडकते, आणि तीच आपण प्रेमाने, जोर लावून, गाडीभर फिरवतो! हिरा! बरं, लाज वाटायची ती वाटली, पण माझं डोकं भलतीकडेच. म्हटलं बाई, मी तर आडवं पुसतो, उभं पुसतो, तिरकं पुसतो, मग हे गोल कसे? मग हे आलं कुठून? ती पहिल्यांदा हसली. "गोल नाहीतच. सरळच आहेत, सगळ्या दिशांना. उजेडाला जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल वाटतं." आणि तिने बॅटरी सरकवली... अहो, गोल पण सरकला! बॅटरी दारावर, गोल दारावर! मी तिच्या हातातून बॅटरी घेतली आणि गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, चंद्र फिरवावा तशा! पन्नाशीला आलो, हे मला कुणी शाळेत का नाही दाखवलं?

मग तिने शिकवलं. रंगावर एक पारदर्शक थर असतो, ओरखडे त्यातच असतात. नख फिरवायचं. अडकलं तर खोल, नाद सोडायचा; नाही अडकलं तर हाताने निघतं. गाडी आधी नीट धुवायची, मग सावलीत, स्पंजच्या चकतीवर पॉलिशचे तीन ठिपके, वाटाण्याएवढे. वीतभर, फार तर दोन वीत जागा घ्यायची. मागे-पुढे, मग आडवं, मग मऊ स्वच्छ कापडाने टिपायचं आणि बॅटरी मारून बघायचं. "अजून दिसतंय?" "हो." "मग पुन्हा."

पुन्हा! हे 'पुन्हा' किती वेळा, विचारा! रोज ऑफिस सुटलं की शेड. दोन वीत जागेला अर्धा तास, आणि गाडी केवढी? पहिल्या दिवशी जेवताना हातच वर होईना, घास तोंडापर्यंत जाईना. पण गंमत सांगू? ती पहिली दोन वीत जागा निघाली ना, तिथे जाळी नाही, विहिरीत डोकावल्यासारखा नुसता काळा रंग, आणि त्यात मी. मोठ्या कानांसकट!

मग नादच लागला. एकेक ओरखडा दिसला की प्रश्न, हे आलं कुठून? टपावर चार समांतर रेघा. कुठून? मांजर घसरलं असणार. दाराच्या हँडलमागे पंख्यासारखे ओरखडे. दार उघडून बघितलं... बोटांची नखं! आणि बॉनेटच्या कडेला अर्धचंद्र, एकाशेजारी एक, सहा. तिथे वाकलो आणि खट्‌! पट्ट्याचं बक्कल. माझंच! म्हणजे एवढा तपास करून गुन्हेगार सापडला, मांजराचा गुन्हा सोडला तर बाकी सगळे माझे!

बायकोला संशय आलाच. "अहो, कोथिंबीर आणायला दोन तास? आणि कोथिंबीर कुठेय?" सांगितलं सगळं. आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "बाबांना सांगून टाका." म्हटलं, कसं सांगू? त्यांच्या लेखी हिरा आहे मी. हिऱ्यानेच ओरखडे पाडले म्हणून सांगू?

शेवटी दुसरा डोळाही बरा झाला, डॉक्टर म्हणाले गाडी चालवायला हरकत नाही. आम्ही त्यांना घरी नेलं. मी गाडी उन्हात काढून ठेवली होती. सासरेबुवांनी एक फेरी मारली. दुसरी मारली. वाकले, तिरकं बघितलं. हात लावायचा म्हणून बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"छान," म्हणाले.

नुसतं छान! आरसा नाही, हिरा नाही! मला राहवेना. "बाबा, हिच्यावर जाळी पडली होती. मीच पाडली. तीन वर्षं घाणेरड्या फडक्याने पुसत होतो. महिनाभर घासून काढलीय."

"ठाऊक आहे."

"कसं? तुम्हाला तर दिसत नव्हतं!"

"मोतीबिंदू काय कानाला झाला होता? तुमचं फडकं करकर वाजायचं. तीन वर्षं ऐकलंय मी ते, दात आंबायचे माझे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही हिरमुसला असतात. पुढच्या रविवारी आला नसतात. दिसेनासं झालं की आठवडा फार लांब होतो हो."

बायको उगाच काच पुसायला लागली... तोच त्यांनी किल्ली उचलली. "चला, चक्कर मारू!" ते चालवायला, मी शेजारी. चेहऱ्यावर काय आनंद! गाडी सुरू झाली, वळली, फाटकाकडे निघाली, आणि कर्र्र्र... दिव्यापासून पार मागच्या दारापर्यंत!

"बाबा! फाटक दिसलं नाही का?"

"दिसलं की! काय स्वच्छ दिसलं! त्याच्यावर बारीक पानांची नक्षी आहे हो, बावीस वर्षांत मला पत्ता नाही! बघतच राहिलो."

"अहो, पण ब्रेक?"

"ब्रेक पायाने मारतात, जावईबापू. ऑपरेशन डोळ्यांचं झालंय."

...उतरलो. म्हटलं, बरं. येतो रविवारी.