डावा हात

अगं, माझं रूट कॅनल झालं एकदाचं, पण कसं ते ऐक. महिनाभर दाढ ठणकत होती आणि मी रोज नवं कारण शोधत होते. शेवटी राहुरीला गेले. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून पाच वर्षांच्या ओवीलाही नेलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, दुखलं तर फक्त डावा हात वर करा, मी लगेच थांबतो." त्या एका वाक्याच्या जिवावर मी खुर्चीत आडवी झाले.

मशीन सुरू झालं आणि ओवीने धावत येऊन नेमका माझा डावा हात दोन्ही हातांनी दाबून धरला. "आई, हलायचं न्हाई हां. झालंच, झालंच!" लस टोचताना मी तिला अशीच धरते, शब्दही माझेच. भूल देऊनही एक कळ थेट मस्तकात गेली. हात सोडवता आला असता गं, पण मग पुढच्या लसीला तिनेही सोडवला असता.

डॉक्टर खूश. "एकदाही हात वर नाही! कमाल आहे ताई तुमची."

ओवीने माझे डोळे पुसले. "बघ, मुंगी चावल्यासारखंच झालं ना?"

पाच वर्षं मीच तिला हे सांगत आलेय. बधिर तोंडाने मान डोलावली.