अर्धा माल तर चांगला होता

मी दिनकर, जन्म खडकीचा, कारखान्याच्या क्वार्टरमधला. वडील कारखान्यात, मग मीही तिथंच चिकटलो, तपासणी खात्यात, म्हणजे आलेला माल गेजला, मापाच्या साच्याला, लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल रंग फासून बाजूला. डोळे होते तोवर तेच केलं.

वडिलांचं आधी सांगतो. दिवस मावळला की भिंत चाचपत यायचे, दोनदा गटारात पडले, लोक म्हणायचे, दारू घेऊन आलाय. रोज वंदना म्हणणारा, पंचशील पाळणारा माणूस, पण मी लोकांचंच खरं धरलं. ते म्हणायचे, अरे, मला दिसत नाही रे. मी म्हणायचो, मग दिवसा बरं दिसतं? आणि बोलणंच टाकलं त्यांच्याशी. गेले बिचारे तसेच.

मग तिशीत मलाच संध्याकाळी दिसेना. बायको, शैला, पपई, गाजर, शेवग्याचा पाला खाऊ घालायची आणि मी तिच्यावरच ओरडायचो, तुझ्या जेवणात कसच नाही म्हणून. काय सांगू तुम्हाला, पुढं बाजूचंही दिसायचं गेलं, नळीतून बघावं तसं झालं. मुलगी सुजाता खराडीला आयटीत लागली, तिनं मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, माझं आणि तिचं, दोघांचं रक्त तपासायला दिलं.

बाई म्हणाल्या, काका, हे वडिलांकडून आलंय, जनुकात बारीकसा बिघाड आहे, त्यानं डोळ्याच्या पडद्यातलं एक प्रथिन नीट घडी धरत नाही, टिकत नाही, पेशी ते मोडून टाकते, मोडून मोडून दमते आणि मरते. म्हटलं, हे कळलं, आकार धरत नाही तो माल रिजेक्ट. पण आईकडून आलेला अर्धा माल तर चांगला होता ना, त्याच्यावर का नाही भागलं? म्हणाल्या, खराब माल चांगल्यालाही अडवतो. बरं, जन्मापासून खराब, तर तिशीपर्यंत मला दिसलं कसं? त्यांनी दोनदा समजावलं, मला अजून उमगलेलं नाही. माझं चित्तच नव्हतं हो. वडिलांकडून आलंय म्हणजे ते खरं बोलत होते, एवढंच डोक्यात फिरत होतं.

सुजातालाही निम्मा धोका, असं बाई म्हणाल्या होत्या. तिचा रिपोर्ट आला, तिनं मोबाइलवर वाचला आणि म्हणाली, बाबा, तुम्ही नका काळजी करू. बास. आता याचा अर्थ मी काय धरायचा? आहे म्हणून म्हणाली, की नाही म्हणून? शैला म्हणते, अहो, विचारा ना सरळ. मी कुठल्या तोंडानं विचारू? तिला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल, आणि जे सांगेल ते मी खरं धरीन. पोरीचं भलं होवो.