दारफाळणीची कडी

आमच्यात म्हणतात, सणाचा उपास सोपा, माफी मागणं अवघड. मला चौसाळ्यात माफी फारच सोपी मिळाली.

तिथं मी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. गावात प्लेग होता. यहुदी म्हणाल तर मी आणि माझी बायको, एवढंच. दारफाळणी म्हणजे आमचा दार लावून उपास करायचा सण. त्याच्या आदल्या दिवशी, माफी मागायच्या रिवाजाप्रमाणे, शेजारच्या सोपानरावांकडे गेलो. परसातल्या भिंतीवरून आमचं बोलणं बंद होतं.

"काही चुकलं असेल तर माफ करा," म्हटलं.

त्यांचे डोळे भरले. "केलं माफ, कंपाउंडरसाब. जिवाला लावून घिऊ नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घातले, दार लावून घेतलं, चूल पेटवली नाही. कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, असा त्या दिवसाचा नेम.

चांदण्या दिसल्यावर दार उघडायला गेलो, तर बाहेरून कडी. बराच वेळ दार बडवल्यावर लांबून सोपानराव बोलले.

"माफ तर कालच केलं की. आता का म्हून हाका मारता?"

त्यांना वाटलं होतं, प्लेग लागला म्हणून मी निरोप घ्यायला आलो होतो; कडी त्यांनीच घातली होती.

"अहो, सण होता आमचा. आम्हाला काही झालं नाही."

"समदे आसंच म्हनत्यात."

सकाळी डॉक्टरांनी कडी काढली. त्यानंतर सोपानराव तोंड चुकवायचे. मीही अडून बसलो. म्हटलं, सण आला की बघू.

सण आला, पण त्याआधी प्लेग परत आला. मी माफी मागायला गेलो तेव्हा सोपानरावांच्याच दाराला बाहेरून कडी होती. दोनदा हाक मारली. ओ आली नाही.