यादीतलं पहिलं नाव

धुळ्याच्या एका मेडिकल कॉलेजात नव्या औषधांच्या चाचण्यांचा विभाग आज उघडणार होता. किल्ली येईपर्यंत डॉक्टर चारुलता बाहेरच्या बाकावर टेकली. शेजारी सोनगीरच्या दोघी बोलत होत्या.

"कमलअक्का, नवलभाऊ तर देवाघर गयात. आते कसाले उनात आठे?"

"मना मालकनं नाव शे यादीमा आजून, कोकिळा. काढाले सांगस."

"राहीनं तर काय बिघडस?"

"दुसरा कोनी वाट देखत व्हई. त्याना नंबर लागू दे."

"नाव कवय लिखेल व्हतं?"

"मांगल्या दिवाळीले. किडनीनं नवं औषध शे, विभाग उघडना का फोन करसूत, म्हनेत. तवयपासून फोन त्यास्ना उशाजोडे. वावरमा गयात तरी खिसामा."

"मंग इतला उशीर काब्र व्हयना?"

"कागदं बाकी व्हतात म्हने."

चारुलताने मान खाली घातली. चाचण्यांना परवानगी देणाऱ्या कमिटीने मागवलेली उत्तरं चार महिने तिच्याच टेबलावर पडून होती.

किल्ली आली. दोघींना आत बसवून तिने यादी उघडली. नवलभाऊंचं नाव सगळ्यात वर होतं.

"अक्का, नाव लिहिणारी डॉक्टर मीच."

"माले म्हाईत शे. मी तवय त्यास्ना संगेच व्हतू."

चारुलताने पेन उचलला, पण तो कागदावर टेकेना. कमलबाई पुढे झुकल्या. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "काढा ना, बाई. बाहेर लोके बठेल शेतस."