बेचाळिसावं डोकं

नाही हो मस्यू, चकवत नाही तुम्हाला. छातीवर हात ठेवून सांगतो, शब्दन्‌शब्द खरा आहे — म्हणजे, एक सोडून. तो कुठला ते विचारू नका. तुम्ही फक्त हा पिवळा बिल्ला लावा, माझ्या बसमध्ये बसा आणि पॅरिसला उतरा, झालं. आमचा ड्रायव्हर फुल्बेर संध्याकाळी डोकी मोजतो. सकाळी बेचाळीस निघाली, आता भरतायत एकेचाळीस. बेचाळिसावं मिळेपर्यंत हा बाबा राजवाड्याच्या फाटकातून बस हलवायचा नाही, आणि त्यानं कचेरीत फोन केला की माझं गाइडचं कार्ड गेलं! — दुपारी का नाही मोजली? दुपारी कसा मोजेल! बारा वाजले, तो जेवायला बसला. पाव, चीज, पुन्हा चीज. बसला आग लागली असती तरी आधी चीज संपवलं असतं त्यानं. मोजणी माझ्यावर सोडली, मी म्हटलं, बेचाळीस, चल!

हरवलं कुठं? कमळं रंगवणाऱ्या त्या चित्रकाराच्या बागेत, तळ्यावर. तिथं माळी रोज होडीतून कमळाची पानं धुतो — रस्त्याची धूळ बसते ना. तर आमच्यातलीच एक बाई पुलाखाली उतरली, बिल्ला काढून काठावर फेकला, सरळ होडीत शिरली, माळ्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि लागली पानं पुसायला! घरी बशा पुसते तश्शी, आधी कड, मग मध्य. मी काठावरून हात केले, ये, ये — तर माझ्या एकेचाळिसांनीही हात केले. त्यांना वाटलं, हे तिकिटातच आहे. शेजारच्या गटाची गाइड तर सांगायला लागली, ही प्रथा शंभर वर्षांची. एका म्हाताऱ्यानं तिचं चित्र काढलं, दुसऱ्यानं ते ओलं असतानाच विकत घेतलं. माळी म्हणाला, बाईंचा हात बसलाय, मी आता पेन्शनीत जातो.

हसू नका. — ती घरी बशा कशा पुसते ते मला काय माहीत? अहो, अंदाजानं... बरं. एकतीस वर्षं बघतोय. ओनोरीन. बायको माझी. पहिल्यांदाच आणली होती, एक जागा रिकामी राहिली म्हणून. आणि मी विसरलो हो, ती मागं उभी आहे ते! पुलावर पाय पडला की तोंड आपोआप सुरू होतं — ‘मंडळी, माझ्या स्वर्गवासी बायकोला ही कमळं फार आवडायची...’ इथं आवाज जरा कापरा करायचा. बायका डोळे पुसतात, जाताना टोपीत नोटा टाकतात. अकरा वर्षं मारतोय मी तिला, आठवड्यातून चारदा.

भांडली असती तरी चाललं असतं. होडीतून एवढंच म्हणाली, ‘ऑक्ताव्ह, मेलेल्यांना मोजत नाहीत. जा तू.’

आणि मी आलो की इथं, राजवाड्यात! राजाच्या पलंगापाशी उभा राहिलो — शंभर दरबारी त्याला नुसतं उठताना बघायला जमायचे, हे मी झोपेतसुद्धा सांगतो — आणि आज पुढचं आठवेचना. बघत राहिलो रिकाम्या पलंगाकडं.

हा फुल्बेरचा हॉर्न. तर खोटं काय ते सांगूनच टाकतो : ती मेली, हे खोटं. चित्र विकल्याचंही थोडं. बाकी सगळं — थांबा, काढा तो बिल्ला. द्या इकडं. तिचा आहे तो. फुल्बेरला म्हणतो, दुपारी मी खोटं मोजलं, वळव गाडी मागं. कार्ड जाईल, जाऊ दे. तुम्ही बाकावरून कशाला उठताय? बसा! एकेचाळीसच बरोबर आहेत.